ओल्या चिंधीखालचा नंबर

“चिमणे, आधी नंबर वाच, मग बटण दाब.”

हा माझ्या ताईचा आवाज. आई कामावर गेली की घर आणि मी, दोघंही ताईच्या ताब्यात. फ्रीज आणि भिंत यांच्या मधल्या फटीत ती मला सरकवायची, हातात टॉर्च द्यायची आणि बाहेरून विचारायची, “काय लिहिलंय गं पाटीवर?” शाळेत जायच्या आधी मी आकडे शिकले ते असे, धुळीत बसून, पाठीला यंत्राची ऊब घेत. ताई सांगायची, घरातल्या प्रत्येक वस्तूला एक नंबर असतो आणि तो जगात दुसऱ्या कुणाचा नसतो. म्हणून वस्तू घरात आली की आधी ओळख करून घ्यायची, मग तिला कामाला लावायचं. “नाव न विचारता जुंपलं तर बैलसुद्धा शिंग मारतो.”

नंबर वाचून झाला की तिचं गाणं सुरू व्हायचं. प्रत्येक आकड्याला तिनं काहीतरी नेमून दिलं होतं. एक सूर्य, दोन डोळे, स्टुलाचे तीन पाय, चार भिंती, पाच बोटं, मुंगीचे सहा पाय, सात रंग, कोळ्याचे आठ पाय, पोटातले नऊ महिने. शून्य म्हणजे रिकामी घागर. नंबरातले शेवटचे चार आकडे घेऊन ती उभ्या उभ्या चार ओळी जुळवायची. आमच्या पंख्याला गाणं होतं. इस्त्रीला होतं. लग्नानंतर तिच्या घरी कपडे धुवायची मशीन आली तेव्हा मी तिथेच होते. खोक्यातून काढलेली मशीन खोलीच्या मधोमध उभी होती. लेकीला कडेवर घेऊन ताई मशीनच्या मागे वाकली, मागच्या झाकणावरचं लेबल वाचलं, आणि सरळ होता होता म्हणाली,

सात रंग निघाले पाण्याला न्हायाला,
रिकामी घागर, कोण तिला पुसायाला?
दोन डोळे लावले मी दाराशी,
नऊ महिन्यांची माया माझ्या उशाशी.

त्या मशीननं ताईला नेलं. म्हणजे, तसं मला वाटलं होतं. चौकशीत वेगळं ठरलं.

त्या वर्षी कंपनीनं काही मशिनी परत तपासायला घेतल्या होत्या. आतली एक वायर हादऱ्यांनी घासून सोलली जायची आणि पत्र्याला टेकायची. ज्यांच्या नंबराचे शेवटचे चार आकडे सातनं सुरू होतात, तेवढ्याच मशिनी सदोष होत्या. ताईच्या मशीनचा नंबर निघाला सहा, चार, एक, तीन. आतली वायर धडधाकट. मग उरली ताई. फरशीवर पाणी होतं, पोरीनं बादली सांडली होती, बाईनं ओल्या हातांनी प्लग ओढला. वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा, खाली शिक्का. जी बाई नंबर वाचल्याशिवाय बटण दाबत नव्हती, तिच्या नावावर निष्काळजीपणा. आई त्यानंतर जेमतेम टिकली, आणि शेवटपर्यंत एकच म्हणायची, “हात पुसायला हवे होते गं तिनं.” माणसाला खोटं पाडायला चार आकडे पुरतात. आकड्यांना खोटं पाडायला मात्र कुणी येत नाही.

मीही आले नाही. मी तर आकड्यांच्याच चाकरीला लागले.

घरगुती उपकरणांच्या चाचणीघरात मी लेबलं घासते. कंपन्या आमच्याकडे नमुने पाठवतात. इस्त्र्या, मिक्सर, पंखे, हीटर. कुणी त्यांना तापवून बघतं, कुणी आपटून. माझ्याकडे लेबल. नियम छोटासा आहे. प्रत्येक वस्तूवर तिचा नंबर हवा, एकाचा दुसऱ्याला नको. तो साध्या डोळ्यांना दिसायला हवा. तो अंगावर हवा, स्क्रू काढून निघणाऱ्या भागावर नको. आणि तो पुसला जाता कामा नये. आधी पाण्यात भिजवलेली चिंधी घेऊन घासायचं, मग स्पिरिटमध्ये भिजवलेली घेऊन. आकडे शाबूत राहिले, कडा सुटल्या नाहीत, तर पास.

मला शिकवणारे जुने साहेब म्हणायचे, “नंबर डोक्यावर हवा, टोपीवर नको. टोप्या बदलतात.” पूर्वी कंपन्या सर्रास झाकणावर लेबल लावायच्या. मग दुरुस्तीत झाकणं इकडची तिकडे व्हायची आणि या घरची वस्तू त्या घरच्या नावानं हिंडायची. म्हणून तो नियम झाला. ताईच्या वेळी तो नव्हता.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक जण वस्तूंच्या अंगावर वीज उतरते का ते मोजतो. आम्ही त्याला मीटरवाला म्हणतो. तो मला लेबलबाई म्हणतो.

“काय लेबलबाई, आज किती पोरांची तोंडं पुसलीस?”

“तुझ्यापेक्षा स्वच्छ आहेत सगळी.”

असं आमचं चालायचं. कामात जीव रमायला एवढंही पुरतं.

सुरुवात एका इस्त्रीपासून झाली. साधी, निळ्या मुठीची. नंबर वाचून मी कागदावर उतरवला, शेवटी तीन, तीन, चार, सहा. पाण्याची चिंधी फिरवली. लेबल ओलं चमकलं, आणि चमकेत मला शेवटी सात, शून्य, दोन, नऊ दिसलं. मी डोळे चोळले. पुन्हा वाचलं. तेच. म्हटलं, उतरवताना चुकलो आपण. कागदावर काट मारून नवा नंबर लिहिला. जेवून परत आले, लेबल वाळलं होतं, आणि त्यावर सरळ तीन, तीन, चार, सहा होतं. काट मारलेल्यावर पुन्हा काट मारली. इतक्या वर्षांत माझ्या कागदावर एवढी खाडाखोड पहिल्यांदा झाली.

मग एक मिक्सर आला. त्याच्या बुडावरचं लेबल ओलं झालं आणि पुन्हा तेच चार आकडे वर आले, जसं पाण्यात बुडालेलं भांडं हात लावताच वर येतं. मी चिंधी ठेवली. छापखान्यात दोन थर एकावर एक गेले असतील. शाई पाण्यानं फुगत असेल. कारणं मला पुष्कळ ठाऊक आहेत, तोच माझा धंदा आहे. पण दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन वेगळ्या शाया एकच नंबर कशाला लपवतील?

नंतरच्या पंख्याला मी मीटरवाल्याला बोलावलं.

“वाच शेवटचे चार.”

“पाच, पाच, एक, आठ. परीक्षा घेतेस का काय?”

मी चिंधी फिरवली. “आता वाच.”

तो वाकला. चेष्टेसाठी उघडलेलं तोंड तसंच राहिलं. “सात...” म्हणाला आणि थांबला. चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

“उजेडाचा प्रकार असेल,” तो म्हणाला.

“उजेड तोच आहे.”

“मग माझ्या वयाचा असेल.”

हसला नाही. आम्ही दोघं त्या लेबलाकडे बघत उभे राहिलो. ओल कडेनं आटत आली, तसा सात हळूहळू पाच झाला. मीटरवाल्यानं जागेवर जाऊन मीटर चालू केला, बंद केला. “साहेबांना सांगणारेस?” त्यानं तिकडे तोंड करूनच विचारलं.

“काय सांगू? लेबल पास आहे.”

त्या दिवसापासून त्यानं मला तोंडं पुसण्यावरून चिडवलं नाही. टेबलही जरा खिडकीकडे सरकवून घेतलं.

आणि मग एक मशीन आली, कपडे धुवायची. पांढरी, नवी कोरी. प्लग टेबलाच्या पायाशी मोकळा पडला होता. नियमाप्रमाणे लेबल अंगावर होतं. मी चिंधी भिजवली, पिळली, घासायला लागले. पत्रा गार असायला हवा होता. तो तापलेल्या कपाळासारखा लागला. स्पिरिटच्या वासातून साबणाचा, ओल्या कपड्यांचा वास यायला लागला. लहान मुलाचे कपडे वेगळे धुतात ना, तसल्या मऊ साबणाचा. चिंधी आपोआप हळू झाली. मी काहीतरी गुणगुणत होते. कधीपासून, कोण जाणे.

मीटरवाला म्हणाला, “बरं आहे गाणं. कुठलं?”

माझं बोट लेबलावर होतं. सातवर आले तेव्हा तोंडात सात रंग होते. शून्यावर रिकामी घागर. दोनवर दोन डोळे.

मी हात काढून घेतला.

नऊ महिने मला तोंडातून काढायची गरज पडली नाही. तो आकडा तिथे होताच.

इतकी वर्षं गाणं माझ्या ओठांत होतं आणि चौकशीचा अहवाल माझ्या कपाटात. दोघांची गाठ घालून द्यावी असं मला एकदाही सुचलं नाही. गाणं हे गाणं असतं, अहवालावर शिक्का असतो. ताईच्या मशीनचा नंबर सहानं सुरू होत होता म्हणे. आणि ताईनं तर पहिल्याच ओळीत सात रंग न्हायला पाठवले होते. ताई गाण्यात काय वाटेल ते करायची, पण नंबर कधी चुकली नाही.

त्या मशीनचं लेबल संध्याकाळी घरी निघेपर्यंत वाळलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी भाऊजींकडे गेले. ताईचे यजमान. त्याच कंपनीच्या मशिनी घरोघर जाऊन दुरुस्त करायचं काम त्यांनी जन्मभर केलं. आता निवृत्त आहेत, पण हत्यारांची पिशवी अजून दाराआडच्या खिळ्याला असते. दार भाचीनं उघडलं, पंच्याला हात पुसत. तिचे हात नेहमी पंच्यात असतात. ताई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. तेव्हापासून ती हात पुसते आहे. भांडं विसळलं की पुसते, नळ नुसता उघडला तरी पुसते. बोटांची पेरं फाटलेली, कडेला रक्ताच्या बारीक रेघा. दोन स्थळं आली, दोन्ही तिनंच परत पाठवली. एकदा मला म्हणाली होती, “मावशी, मी कुणाच्या घरात जाऊन पाणी सांडू?”

मी आले होते ते या हातांसाठी.

“ये गं,” भाऊजी म्हणाले. “आज कशी वाट चुकलीस?”

मागच्या गॅलरीत मशीन चालू होती. ड्रम फिरताना येतो तसा जड, ओला आवाज. थांबायचा, उलटा फिरायचा.

“भाऊजी, ताईच्या मशीनचा नंबर काय होता?”

त्यांनी कप खाली ठेवला. “आज हे काय काढलंस? अहवालात आहे की.”

“अहवालातला नको. मशीनचा सांगा.”

“तेच ते.”

मी गाणं म्हटलं. माझा आवाज ताईसारखा नाही, पण चाल तीच. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. चौथी मला म्हणावी लागली नाही. स्वयंपाकघराच्या दारातून भाची म्हणाली,

“नऊ महिन्यांची माया माझ्या उशाशी.” मग जराशी ओशाळली. “आई हे म्हणून निजवायची मला. तुला कसं माहीत?”

“हे तुमच्या मशीनचं गाणं आहे,” मी म्हटलं. “सात, शून्य, दोन, नऊ. सातनं सुरू होतं, भाऊजी. परत तपासायला घेतलेल्यांतलं.”

“गाण्याचा पुरावा धरतेस होय?” ते हसायला गेले. “उद्या बडबडगीतावरून फाशी द्याल.”

“पुरावा धरत नाही. विचारतेय.”

मागचा आवाज वाढला. कपातला चहा बारीक थरथरत होता.

“ती मशीन जरा बंद करा ना,” मी म्हटलं. “नीट बोलता येत नाही.”

भाचीनं पंचा घट्ट धरला. माझ्याकडे नाही, बापाकडे बघत ती म्हणाली,

“मावशी, तुलाही ऐकू येतं?”

मी उठून गॅलरीत गेले. कोपऱ्यात चादर टाकलेली, वर जुन्या बादल्या रचलेल्या. बादल्या एकमेकींवर किणकिणत होत्या. बादल्या उतरवून चादर ओढली. तीच मशीन. चौकशी संपल्यावर परत दिलेली. पिवळी पडलेली, कोपऱ्यांना गंज. मागून वीतभर वायर लोंबत होती, टोक कापलेलं, तांब्यावर हिरवा थर.

पत्र्याखाली ड्रम फिरत होता.

माझे हात सवयीचे. बादलीच्या तळाशी थोडं पाणी होतं, त्यात रुमाल बुडवला. मागच्या झाकणावरचं लेबल घासलं. सहा, चार, एक, तीन. पुन्हा घासलं. नखानं, जोर लावून. सहा, चार, एक, तीन. जगातली सगळी लेबलं माझ्यापुढे बदलली होती, हे एक तसूभर हललं नाही. खोटं किती टिकाऊ असतं ते मी तेव्हा पाहिलं. माझ्या चाचणीत अव्वल पास झालं असतं.

“घासू नकोस,” मागून भाऊजी म्हणाले. “ते पुसायचं नाही. ते तिचं नाहीच.”

ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. भाची त्यांच्या पाठीशी.

“भंगारातल्या एका मशीनचं झाकण माझ्या गाडीत पडलेलं होतं,” ते म्हणाले. “शेजाऱ्यांनी तिला हॉस्पिटलात नेलं. मी घरी राहिलो. वायर बदलली. झाकण बदललं.”

“का?”

“सातवाल्या सगळ्या मशिनी माझ्याकडे होत्या, या भागातल्या. घरोघर जाऊन वायर बदलायची, कंपनीला कळवायचं. सगळ्यांच्या केल्या. घरची काय, कधीही होईल. कळवून मात्र टाकलं, केली म्हणून.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “तो नंबर सापडला असता तर पहिला प्रश्न तोच आला असता. ही दुरुस्त कुणी केली होती?”

दिव्याखाली अंधार म्हणतात. इथे तर अंधारानंच दिवा धरला होता.

“आणि तिचं झाकण?”

“भंगारात. ते लोक प्लास्टिक वितळवतात. पुन्हा कशाकशात घालतात.”

इस्त्रीची निळी मूठ. मिक्सरचं बूड. मी रुमाल खाली टाकला.

ड्रम थांबला नव्हता.

मला वाटलं होतं, खरं बोललं की थांबेल.

भाची पुढे आली. तिनं मशीनवर हात ठेवला नाही, पंच्यात गुंडाळलेले हात तसेच पोटाशी धरले. मला वाटलं ती ओरडेल. ती अगदी समजुतीच्या सुरात बोलली, बापाला धीर द्यावा तशी.

“असू दे, बाबा. मशीन खराब होती, असेल. पण पाणी तर मीच सांडलं होतं ना? मला बादली आठवते. लाल होती. माझ्या हातातून सटकली.”

तिनं पायानं फरशीवरची जागा दाखवली.

“तुम्हीच सांगितलंत ना चौकशीच्या साहेबांना. मी इथेच उभी होते.”

ड्रम हळू झाला. एक फेरा. अर्धा.

थांबला.

गॅलरीत इतकं शांत झालं की बादलीच्या कडेवरून एक थेंब खाली पडलेला ऐकू आला. भाचीनं सवयीनं पंचा उलगडला, कोरडे हात पुसायला लागली.

“नको पुसू,” भाऊजी म्हणाले. मुलीकडे बघायचं धैर्य त्यांना झालं नाही. ते त्या थेंबाकडे बघत होते.

“फरशी कोरडी होती, बाळा. बादली मी ओतली. नंतर.”